वक्री मंगळ, लांबलेली अमावास्या आणि भास्कराचार्य

मंडळी, आधी एक कबुली. २०२४ च्या दिवाळीत आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात मी पाच मिनिटांचं एक भाषण ठोकलं होतं. 'न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी आपल्या भास्कराचार्यांनी कॅल्क्युलस शोधून काढलं' हे त्यातलं टाळ्यांचं वाक्य. टाळ्या पडल्या, मग फराळ झाला आणि मी ते विसरूनही गेलो. खरं सांगायचं तर ते वाक्य मला कुठूनसं फॉरवर्ड होऊन आलं होतं आणि मी ते तसंच पुढे ढकललं होतं.

दोन महिन्यांनी, जानेवारीत, आम्ही तीन-चार कुटुंबं कोरोमंडलच्या किनाऱ्यावर तंबू टाकून राहिलो होतो. रात्री जेवणं आटोपली. उत्तरेकडे तांबूस, ठळक मंगळ दिसत होता. मित्राची मुलगी त्या वर्षी तेरावीत जाणार होती. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "काका, ते तुम्ही दिवाळीत सांगितलेलं ना, भास्कराचार्यांचं, ते मी शाळेत मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, प्रूफ दाखव. काय दाखवू?"

मी शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनियर. एम-वन, एम-टू, एम-थ्री अशा तिन्ही पेपरांतून विकलनाची सूत्रं घोकून पास झालेला. पण या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "बघून सांगतो," म्हणालो. आमच्या धंद्यात अडचणीत सापडलेला माणूस क्लायंटला हेच सांगतो.

हा लेख म्हणजे त्या 'बघून सांगतो'चा हिशेब. थोडं गणित येईल, पण बेरीज-गुणाकाराच्या पलीकडचं काही नाही. चहा घेऊन बसा.

आपल्या गावाजवळचा माणूस

मी मूळचा जळगाव जिल्ह्यातला. शाळेच्या सहलीला आम्हाला चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला नेलं होतं. देऊळ आठवतं, जंगल आठवतं आणि डबे पळवणारी माकडं तर चांगलीच आठवतात. पण या जागेचा भास्कराचार्यांशी संबंध आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नाही; सांगितलं असलं तरी माकडांपुढे ते ऐकलं कोणी?

संबंध आहे तो असा. पाटणला एक शिलालेख आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्यावर लिहिलं. लेख १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्याने त्याला दानं दिली, असं त्यात कोरलेलं आहे. लेख संस्कृतात सुरू होतो आणि शेवटी चक्क मराठीत येतो. या मराठी भागात दानाचा तपशील आहे. त्याकडे शेवटी परत येऊ.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. (म्हणजे साधारण माझ्याच वयात. मी या वयात काय पुरं केलं याची चौकशी करू नये.) ग्रंथाचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या दोन भागांत होतं, आणि त्यावर स्वतः भास्कराचार्यांनीच लिहिलेल्या 'वासना' नावाच्या टीकेत. तिथे ते नुसतं सूत्र सांगून थांबत नाहीत, ते का खरं आहे तेही सांगतात.

या क्षणी किती वेग?

ऑकलंडहून हॅमिल्टनला जायला दीड तास लागला आणि अंतर १२५ किलोमीटर, तर सरासरी वेग काढणं सोपं आहे. पण पोलिसाचा कॅमेरा सरासरी विचारत नाही, 'त्या क्षणी' किती होता ते विचारतो. सगळं विकलन या एका प्रश्नातून निघालं आहे.

ज्योतिषाचं गणित करणाऱ्यांनाही हाच प्रश्न होता. कालच्या आणि आजच्या ग्रहाच्या जागांची वजाबाकी केली की दिवसाची गती मिळते. भास्कराचार्य म्हणतात, ही झाली ढोबळ गती. ग्रहाचा वेग क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून त्या त्या वेळची सूक्ष्म गती वेगळी काढली पाहिजे. तिला त्यांनी शब्द वापरला 'तात्कालिकी'. आपल्या मराठीतला 'तात्कालिक' तो हाच.

ती काढायची कशी, हे समजायला ज्येची कोष्टकं बघावी लागतात. ज्या म्हणजे आपला साइन, कोज्या म्हणजे कोसाइन. जुन्या ग्रंथांत वर्तुळाची त्रिज्या ३४३८ घेत, कारण परिघाचे २१,६०० भाग (कला) केले की त्रिज्या तेवढी येते. पाव वर्तुळाचे २४ तुकडे करायचे, प्रत्येक २२५ कलांचा, आणि प्रत्येक टप्प्यावर ज्या मांडायची. पहिल्या टप्प्याला ज्या २२५ ने वाढते, पुढे २२४, २२२, २१९ अशी वाढ कमी होत जाते आणि शेवटच्या टप्प्याला ती फक्त ७ ने वाढते.

आता ३० अंशांवर उभे राहा. तिथे पोचतानाचा शेवटचा फरक १९९, पुढचा पहिला फरक १९१. मग नेमक्या ३० अंशांवर वाढीचा दर किती? भास्कराचार्यांनी साधं त्रैराशिक मांडलं. कोज्या पूर्ण ३४३८ असते (म्हणजे आरंभी) तेव्हा वाढ २२५, तर कोज्या अमुक असताना किती? ३० अंशांची कोज्या सुमारे २९७८. म्हणजे २२५ × २९७८ ÷ ३४३८, उत्तर १९५. एकशे नव्याण्णव आणि एकशे एक्क्याण्णवच्या बरोबर मध्ये!

'साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन' हे वाक्य मी किती वेळा परीक्षेत लिहिलं असेल. पण ते असं कोष्टकातून वर येताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, तेही पस्तिशीत, रविवारी सकाळी, डायनिंग टेबलवर.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गतीच्या सुधारणेत कोज्या वापरायची हे भास्कराचार्यांच्या आधीही माहीत होतं. मुंजालाच्या ९३२ सालच्या 'लघुमानस' ग्रंथात ते सापडतं. भास्कराचार्यांनी ते उचललं, त्यामागचं कारण लिहून ठेवलं आणि पुढे खूप लांब नेलं.

साखळी, आणि अमावास्या किती तासांची

तोवर मित्राच्या मुलीचं कॉलेज, म्हणजे इथल्या भाषेत शाळा, सुरू झालं होतं आणि दर रविवारी ती वही घेऊन यायला लागली होती. पहिला अडसर 'चेन रूल'. एका फलाच्या पोटात दुसरं फल. आपल्या मराठी पुस्तकांत याला संयुक्त फल म्हणतात.

मी तिला सायकलचं उदाहरण दिलं. पेडल एकदा फिरलं की मागचं चाक तीनदा फिरतं. चाक एकदा फिरलं की सायकल दोन मीटर जाते. मग पेडलच्या एका फेरीत सायकल किती जाते? सहा मीटर. दर एकमेकांना गुणायचे, बस. चेन रूलमधली चेन ही अशी.

"हो, पण हे कुणाला लागतं?" हा तिचा पुढचा प्रश्न. यावर मला भास्कराचार्यांचा चंद्रच दाखवता आला.

चंद्र रोज सारखा चालत नाही. म्हणून हिशेबासाठी आधी एक सरळमार्गी 'मध्यम चंद्र' कल्पायचा, रोज ७९१ कला चालणारा. मग खऱ्या चंद्रासाठी त्यात एक दुरुस्ती करायची, तिचं नाव मंदफल. हे मंदफल अवलंबून असतं एका कोनाच्या ज्येवर. तो कोन म्हणजे मंदकेंद्र, चंद्र आपल्या सर्वांत दूरच्या बिंदूपासून (मंदोच्चापासून) किती पुढे गेला ते. आणि हे केंद्र स्वतः रोज सुमारे ७८४ कलांनी वाढतं. म्हणजे वेळेवरून केंद्र, केंद्रावरून ज्या, ज्येवरून फल. साखळी!

मग फलाचा वेग किती? केंद्राची गती गुणिले कोज्या, गुणिले फलाचं प्रमाण. चंद्राचं जास्तीत जास्त फल पाच अंशांच्या आसपास, म्हणजे ३०१ कला. मंदोच्चापाशी कोज्या पूर्ण असते, म्हणून ७८४ × ३०१ ÷ ३४३८, येतात ६९ कला. चंद्र दूर असताना ७९१ मधून ६९ वजा करा, राहिले ७२२. जवळ असताना मिळवा, झाले ८६०.

आता तिथी. चंद्र सूर्याच्या १२ अंश म्हणजे ७२० कला पुढे गेला की एक तिथी. सूर्य रोज ५९ कला चालतो, ते वजा करायचे. मध्यम चंद्राने तिथी होते साधारण २३ तास ३७ मिनिटांची. मंद चंद्राची सुमारे २६ तासांची आणि जलद चंद्राची साडेएकवीस तासांची. म्हणूनच भास्कराचार्य म्हणतात की तिथीचा शेवट जवळ आला असेल तर चंद्राची तात्कालिक गतीच वापरावी. सरासरीने चालणार नाही.

हे आपल्या किती कामाचं आहे ते २०२५ च्या दिवाळीत कळलं. आठवतंय ना, लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला की २१ ला? भारतातून दोन्हीकडचे निरोप येत होते. बऱ्याच ठिकाणी २० तारीख, महाराष्ट्रातल्या पंचांगांत २१. अमावास्या भारतात २० तारखेला दुपारी ३ वाजून ४४ मिनिटांनी लागली आणि २१ ला संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी संपली. मोजा, २६ तास १० मिनिटं! चंद्र मंदोच्चाकडे चालला होता, पाय ओढत. त्या दिवशी कुणी सरासरी गतीने गणित केलं असतं तर अमावास्या अडीच तास आधीच संपवून टाकली असती.

आणि आपल्याकडे? तिथी साऱ्या जगात एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते, बदलतं ते फक्त भिंतीवरचं घड्याळ. ऑक्टोबरात आपलं घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे. म्हणजे न्यूझीलंडमध्ये अमावास्या लागली २० तारखेला रात्री सव्वाअकराच्या सुमारास आणि संपली २१ ची मध्यरात्र उलटून दीडच्या जरा आधी. संध्याकाळच्या वेळी अमावास्या असलेला दिवस एकच, २१ ऑक्टोबर. भारतात वाद झाला, आपल्याकडे वादाला जागाच नव्हती. २०२४ मध्येही तसंच झालं होतं, १ नोव्हेंबरला. तरीही आपण दोन्ही वर्षी आठवडाभर एकमेकांना निरोप पाठवत बसलो होतो. असो.

या गणितातली आणखी एक गंमत सांगतो. मंदोच्चापाशी दुरुस्ती शून्य असते, पण वेगातला फरक सर्वांत जास्त. उलट जिथे दुरुस्ती सर्वांत जास्त, तिथे वेगातला फरक शून्य. शाळेत आपण घोकतो ना, 'मॅक्सिममला डेरिव्हेटिव्ह झीरो'? तेच. भास्कराचार्यांच्या आधीच्या लल्लाने ही शून्याची जागा आकृतीत चुकीच्या ठिकाणी, दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात तिथे, दाखवली होती. भास्कराचार्यांनी लल्लाचं नाव घेऊन ते चूक ठरवलं आणि सांगितलं की जिथे फल परम, तिथेच गती मध्यम. पूर्वजांविषयी आदर असूनही चूक ती चूक, हे त्यांनी किती सहज लिहिलं आहे!

उलटा प्रश्न आणि मंगळाचं मागे जाणं

दुसरा अडसर व्यस्त फलाचा, म्हणजे इनव्हर्स फंक्शनचा. इथे प्रश्न उलटा असतो. कोनावरून ज्या नाही, तर ज्येवरून कोन काढायचा. जुन्या भाषेत 'चाप करणे'. वेगाचा नियमही उलटतो. कोनाच्या वेगावरून ज्येचा वेग काढताना कोज्येने गुणायचं होतं, आता भागायचं. मघाचंच कोष्टक घ्या. ३० अंशांपाशी कोन २२५ ने वाढला की ज्या १९५ ने वाढते. तर ज्या १९५ ने वाढली म्हणजे कोन २२५ ने वाढला, इतकं सरळ. पण शेवटच्या टप्प्याला ज्या अवघी ७ ने वाढते आणि कोन मात्र पूर्ण २२५ ने. तिथे ज्येत एकाचा जरी घोळ झाला तरी कोन कुठल्या कुठे जातो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत ही बग लपायची जागा.

तिसरा अडसर प्राचलिक फलं, पॅरामेट्रिक. आडवं अंतर आणि उभं अंतर एकमेकांवर थेट अवलंबून नसतात, दोन्ही एका तिसऱ्याच गोष्टीवर, बहुधा वेळेवर, अवलंबून असतात. मग एकाचा दुसऱ्याशी दर काढायचा तर दोघांचा वेळेशी असलेला दर काढून भागाकार करायचा.

हे तिन्ही अडसर एकत्र कुठे भेटतात? कोरोमंडलच्या किनाऱ्यावर दिसलेल्या त्या मंगळात.

मंगळ ७ डिसेंबर २०२४ च्या सुमारास वक्री झाला होता आणि २४ फेब्रुवारी २०२५ च्या सुमारास पुन्हा मार्गी झाला. मधल्या अकरा आठवड्यांत तो पुष्य नक्षत्राच्या बाजूने पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांकडे मागे सरकत होता. आपण इथे उत्तरेकडे तोंड करून बघतो, त्यामुळे पूर्व उजवीकडे येते आणि वक्री ग्रह ताऱ्यांमधून डावीकडे सरकताना दिसतो, लहानपणी बघितलेल्याच्या उलट. आज आपल्याला माहीत आहे की मंगळ खरोखर मागे जात नाही. आतल्या ट्रॅकवरची पृथ्वी त्याला ओव्हरटेक करते, शेजारची गाडी मागे गेल्यासारखी वाटते तसं. भास्कराचार्यांची मांडणी पृथ्वी मध्यभागी धरणारी आहे, पण कोनांचा हिशेब तोच निघतो.

ती मांडणी अशी. पृथ्वीभोवती त्रिज्या १०० चं एक मोठं वर्तुळ. त्यावर फिरणाऱ्या बिंदूभोवती एक छोटं वर्तुळ, मंगळासाठी त्याची त्रिज्या साधारण ६६ धरू. मंगळ या छोट्या वर्तुळावर. त्याचं आडवं आणि उभं अंतर, दोन्ही एका कोनावर अवलंबून, त्याचं नाव शीघ्रकेंद्र (इथे तुमचं प्राचल आलं). पृथ्वीपासून मंगळापर्यंतची रेषा म्हणजे कर्ण. उभं अंतर भागिले कर्ण, त्यावरून चाप, की मिळालं शीघ्रफल (इथे व्यस्त फल आलं). आणि शीघ्रकेंद्र रोज बदलतं (इथे साखळी आली). या सगळ्याचा वेळेशी दर काढायचा. तेरावीच्या पेपरात हे आलं तर मुलं रडतील!

भास्कराचार्य इथे एक सुंदर युक्ती करतात. फल किती वेगाने बदलतं हे थेट न विचारता, केंद्रातून फल वजा केल्यावर जो कोन उरतो तो किती वेगाने बदलतो, हे ते विचारतात. उत्तर एका ओळीत येतं: केंद्राची गती गुणिले फलाची कोज्या, भागिले कर्ण. हे शीघ्रोच्चाच्या, म्हणजे मंगळासाठी सूर्याच्या, गतीतून वजा करायचं की मंगळाची स्पष्ट गती. आणि वजाबाकी उलटी करावी लागली, तर ग्रह वक्री.

आता आकडे घालून बघू. सूर्य रोज ५९.१ कला, मध्यम मंगळ ३१.४, म्हणून केंद्राची गती २७.७. मंगळ सूर्याच्या पलीकडे असताना कर्ण १०० + ६६ = १६६, फल शून्य, म्हणून कोज्या पूर्ण १००. २७.७ × १०० ÷ १६६ = १६.७. सूर्याच्या ५९.१ मधून वजा केले, उरले ४२.४. मंगळ झपाझप पुढे. मंगळ सूर्याच्या समोर असताना, जसा तो १६ जानेवारी २०२५ ला होता, कर्ण १०० − ६६ = ३४. २७.७ × १०० ÷ ३४ = ८१.५. आता ५९.१ मधून ८१.५ जात नाहीत! उलटी वजाबाकी, २२.४. मंगळ रोज सुमारे २२ कला मागे, चंद्रबिंबाच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशाहून थोडा जास्त. ज्या रात्री आम्ही वाळूत बसून गप्पा मारत होतो, त्या रात्री तो याच्याच आसपासच्या वेगाने मागे जात होता.

हा हिशेब मी तिच्यासमोर मांडला तेव्हा तिने कॅल्क्युलेटरवर तो दोनदा तपासला. मग म्हणाली, "काका, हे बरोबर येतंय." तिच्या आवाजात आश्चर्य होतं. माझ्याही होतं.

मग कॅल्क्युलस शोधलं की नाही?

गंमत म्हणजे हा प्रश्न मी काही नव्याने विचारत नव्हतो. मराठी माणसाने तो दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारला होता. बापूदेवशास्त्री, जन्म १८२१, घराणं नगर जिल्ह्यातलं. नागपुरात शिकत असताना सिहोरचे इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांनी त्यांची बुद्धी हेरली. पुढे १८४२ पासून ते काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवत होते. भास्कराचार्य आणि युरोपी गणित, दोन्ही पचवलेला माणूस. त्यांनी १८५८ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं की भास्कराचार्यांना विकलनाचं तत्त्व माहीत होतं, आणि पुरावा म्हणून हीच तात्कालिक गती मांडली.

लंडनहून उत्तर आलं विल्यम स्पॉटिसवुड या गणितज्ञाचं, १८६० मध्ये. हे पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बापूदेवशास्त्री जरा जास्तच म्हणतात. वेळेचा तुकडा अतिसूक्ष्म करत नेण्याची जी कल्पना विकलनाचा गाभा आहे, तिचा भास्कराचार्य उल्लेख करत नाहीत. पण त्यांच्या विश्लेषणातली पैनी नजर थक्क करणारी आहे आणि सूत्राचं आधुनिक सूत्राशी साम्य नाकारता येत नाही.

मी दोन्ही बाजू वाचल्या तेव्हा आधी थोडा राग आला, मग कमी झाला. स्पॉटिसवुडच्या म्हणण्यात तथ्य आहे. न्यूटनने १६६५-६६ च्या सुमाराला आणि लायब्निझने १६८४ च्या आपल्या निबंधात जे दिलं ते कोणत्याही वक्राला लावता येणारं यंत्र होतं. न्यूटनच्या डोळ्यापुढे तर सगळ्याच राशी काळाबरोबर वाहणाऱ्या होत्या, म्हणजे त्याचं गणित मुळातच प्राचलिक. भास्कराचार्यांकडे असं सर्वसाधारण यंत्र नाही. त्यांच्याकडे ज्या आहे, कोज्या आहे आणि आकाशातला एक अवघड प्रश्न आहे. पण त्या प्रश्नापुरतं साखळी, व्यस्त आणि प्राचलिक, तिन्हींचं काम त्यांनी बिनचूक केलं, पाचशे वर्षं आधी. आणि ही वाट तिथे थांबलीही नाही. केरळात नीलकंठ सोमयाजींच्या 'तंत्रसंग्रहा'त, १५०० च्या सुमारास, चापाच्या गतीचं सूत्र थेट दिलेलं आहे, कोज्येने भागून.

बापूदेवशास्त्र्यांचं मला जास्त कौतुक वाटतं ते या वादाच्या पुढच्या गोष्टीचं. त्यांनी १८६६ मध्ये भास्कराचार्यांचा ग्रंथ वासनाटीकेसह संपादून छापला. म्हणजे वाद जिंकला की हरला ते सोडा, पुरावाच लोकांपुढे ठेवला. वाचा आणि तपासा. मराठीतही ही परंपरा आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी विकलनावर मराठीत पुस्तक केलं, त्याचं नाव 'शून्यलब्धी'. शून्याकडे जाता जाता हाती काय लागतं, ते सांगणारं शास्त्र! केरूनाना छत्र्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत दिली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिःशास्त्र' लिहिलं, तेही मराठीत. ही माणसं टाळ्यांची वाक्यं लिहीत नव्हती, आकडे लिहीत होती.

प्रूफ

तर त्या मुलीला मी शेवटी काय सांगितलं? म्हटलं, "मैत्रिणीला 'आम्ही कॅल्क्युलस शोधलं' असं सांगू नकोस. तिला सांग, साडेआठशे वर्षांपूर्वी एका माणसाने मंगळ कोणत्या वेगाने मागे जातो ते काढलं. हे घे सूत्र, हे घे आकडे, कॅल्क्युलेटर काढ आणि तपास."

तिने खरंच तसं केलं. मैत्रिणीने काय म्हटलं असेल? "ओके, दॅट्स कूल." किवी मुलीकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही.

आता तो पाटणचा शिलालेख. त्याच्या मराठी भागात लिहिलेलं असं आहे की पाटणच्या बाजारात जो माल विकायला उघडला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. म्हणजे बाजारात धान्य घेणाऱ्या, तेल घेणाऱ्या माणसाच्या पैशातून, ज्याला ज्या आणि कोज्या काय हे ठाऊकही नसेल, त्या मठात भास्कराचार्यांचं गणित शिकवलं जावं अशी सोय झाली होती. आणि ही नोंद त्या बाजारातल्या लोकांना कळावी म्हणूनच मराठीत असणार, असं मला वाटतं.

हे वाचलं तेव्हा मला आपलं मंडळ आठवलं. आपणही वर्गणी काढतो, हॉल भाड्याने घेतो, रविवारी मराठी शाळा चालवतो. त्यात एखादा तास असा ठेवायला काय हरकत आहे, की जिथे मुलं 'प्रूफ दाखवा' म्हणतील आणि आपण 'बघून सांगतो' म्हणून खरोखर बघू?

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या डायनिंग टेबलवर दोन मुलं जास्त आली आहेत. चहा आणि चकल्या आमच्याकडून, प्रश्न तुमच्याकडून. २०२४ च्या त्या टाळ्या मात्र मी मंडळाला साभार परत करतो.

शुभ दीपावली!